सतरा नंबर

शॉकअपचा खालचा बोल्ट. सतरा नंबर.
दोन दिवस झाले, हलत नाही.
शुक्रवारी रात्री रस्ट ऑइल मारलं,
शनिवारी सकाळी तारेचा ब्रश, मग डिझेल,
संध्याकाळी उरलासुरला राग.
द्वारकेचा अन्वर फोनवर म्हणाला,
ताई, गॅस मारून कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम.

कापायचं म्हटल्यावर
प्लास्टिकच्या खुर्चीतून भाऊंनी मान फिरवली.
भाऊ म्हणजे माझे वडील. अख्खं पवननगर त्यांना भाऊ म्हणतं,
म्हणून आम्हीही.
सातपूरला एकतीस वर्षं फिटर.
आता उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो,
दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.
जीभही अर्धी रजेवर.
"का-पू न-को."
मग बऱ्याच वेळाने, एकेक अक्षर पुसून घेत,
"मी... आवळलाय."

तेव्हा आठवलं.
नऊ वर्षांपूर्वी, इथेच, पाण्याच्या टाकीशेजारी,
बनियनवर, तोंडात न पेटवलेली विडी,
त्यांनी स्वतः शॉकअप बदलले होते.
मी बॅटरी धरली होती.
बॅटरी धरणाऱ्याला जेवढ्या शिव्या बसतात
तेवढ्या बसल्या होत्या.
शेवटच्या आट्याला त्यांनी श्वास रोखला
आणि पान्याला असा झटका दिला
की गाडी जॅकवर हलली.

तो झटका अजून आत आहे.
नऊ पावसाळे गेले, गंज चढला,
एकदा गोदेच्या पुरात गाडी चाकं बुडेपर्यंत उभी होती.
हातातली ताकद गेली,
बोल्टातली गेली नाही.
म्हणजे दोन दिवस मी गंजाशी नाही,
सत्तावन्न वर्षांच्या भाऊंशी
पंजा लढवतेय.

रविवार. साडेसात. थंडी अशी
की पाना हाताला चावतो.
पान्याला पाइप अडकवला,
बोअरिंगच्या कामातून उरलेला, तीन फुटी.
पाय रोवले. ओढलं.
पाना घसरला, बोटांची सालं निघाली,
तोंडातून जे निघालं
ते शब्दशः भाऊंचं होतं.
ते हसले.
अर्ध्या चेहऱ्यात मावतं तेवढं सगळं हसले.

मग डावा हात उचलला
आणि हवेत फिरवला. उलटा.
उलटा नाही भाऊ, तो घट्ट व्हायचा.
पुन्हा तसाच फिरवला.
डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी दिशा चुकतील.
पण डोळे चुकलेले नव्हते.
"आ-धी... आवळ."

आवळला. केसाएवढा.
हातोडीने डोक्यावर चार टोले,
मग सोडला. केसाएवढा.
पुन्हा आवळ. पुन्हा तेल. पुन्हा सोड.
वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या निकुंभ काकू
हातातली चादर तशीच धरून थांबल्या.
आणि मग
कट्ट.
एवढंच. बोट मोडल्यासारखं.
तांबडी पूड फरशीवर सांडली.

मी लगेच भाऊंकडे पाहिलं नाही.
जिंकल्यावर थोडा वेळ समोरच्याकडे बघू नये,
हे मला कॅरमच्या बोर्डावर त्यांनीच शिकवलंय.

बोल्ट त्यांच्या डाव्या हातात दिला.
अंगठ्याने त्याचे आटे चाचपले,
वास घेतला,
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.
आता मंगळवारी तो वॉशिंग मशीनमध्ये खडखडेल
आणि आई आम्हा दोघांना धरून बोलेल.

नवा बोल्ट बसवला.
पहिले आटे हाताने, मग पाना.
शेवटाला श्वास आपोआप रोखला गेला.
"पु-रे," भाऊ म्हणाले.
"परत... खोलायचाय... कुणाला तरी."
मी थांबले.

आईने चहा आणला.
त्यांनी कपाकडे हात नेला, तेवढ्यात
पाव आटा अजून दिला.